दरफाळणीच्या आदल्या दिवशी

उपवासाने पाप फिटते काय, आणि फिटत असेल तर कोणते, हा प्रश्न आपल्यामध्ये फारसा कोणी विचारीत नाही. एकादशी येते, शिवरात्र येते. आपण निराहार राहतो, निदान साबुदाण्यावर राहतो, आणि काही तरी पदरी पडले अशा समाधानात दुसऱ्या दिवशी पारणे फेडतो. माझ्यापुढे हा प्रश्न प्रथम उभा केला तो कोणा शास्त्रीबुवांनी नव्हे, तर अलिबाग तालुक्यातील आमच्या गावच्या एका बेने इस्रायल शेजाऱ्यांनी. मी तेव्हा दहा-बारा वर्षांचा असेन. त्याचे उत्तर शोधण्याची निकड मला भासली ती मात्र त्यानंतर साठाहून अधिक वर्षांनी, लखनौच्या जानकीपुरम वसाहतीत, एका दसऱ्याच्या संध्याकाळी.

मुलाच्या नोकरीमुळे मी आता येथे राहतो. २०२५ साली विजयादशमी २ ऑक्टोबर रोजी होती. मैदानात रावणाचा पुतळा उभा होता, मुलांची धावपळ चालली होती आणि मी गच्चीत वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. त्यात वाचले की यहुद्यांचा योम किप्पूर हा उपवासाचा आणि प्रार्थनेचा परमपवित्र दिवसही आजच आहे. आदल्या वर्षी, २०२४ मध्ये, १२ ऑक्टोबरलाही हे दोन दिवस असेच एकत्र आले होते. हा केवळ योगायोग नव्हे. यहुद्यांचा महिना आपल्या महाराष्ट्रातील महिन्याप्रमाणेच अमावास्येनंतर सुरू होतो. योम किप्पूर त्यांच्या तिश्री महिन्याच्या दहाव्या दिवशी असतो. म्हणून तो नेहमी आपल्या शुद्ध दशमीच्या आसपास येतो, कधी भाद्रपदात, कधी आश्विनात. आम्ही दसऱ्याला सीमोल्लंघन करतो आणि आमचे ते शेजारी जवळजवळ त्याच तिथीला दार लावून घरात बसत, ही गोष्ट मला त्या क्षणी एकदम आठवली.

लखनौत हे सांगावे कोणाला? येथून जवळच, आंब्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मलिहाबादेत, आपण मूळचे इस्रायली अशी परंपरा सांगणारी काही आफ्रिदी पठाण कुळे आहेत. पण ती धर्माने मुसलमान आहेत आणि हा उपवास त्यांचा नव्हे. कोकणातल्या माणसाला मात्र बेने इस्रायलांविषयी वेगळे सांगावे लागत नाही. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी त्यांची परंपरा आहे. घाण्यावर तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचा. म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. गावांवरून त्यांना आडनावे पडली: केहिमकर, दिवेकर, राजपूरकर. भाषा मराठी, स्त्रियांचे लुगडे आपल्यासारखे, आणि पुढे एकोणिसाव्या शतकात तर बायबलातील कथांवर मराठी कीर्तनेही त्यांच्यात होऊ लागली.

शेकडो वर्षे या लोकांजवळ ना ग्रंथ होते ना धर्मगुरू. प्रार्थनेतील एक ईश्वराच्या एकत्वाचे वचन तेवढे पाठ होते, सुंता होती, शनिवार होता आणि काही सण होते. हनुक्कासारखा उत्तरकालीन सण त्यांना ठाऊकही नव्हता. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली बांधले. टिपूच्या कैदेतून सुटका झाल्याच्या कृतज्ञतेने ते बांधले, असे सांगतात. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणतात. अलिबागचे मंदिर १८४८ सालचे. कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी त्यांना प्रार्थना शिकविल्या आणि जोसेफ यहेज्केल राजपूरकरांसारख्या पंडितांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. परंतु हे सर्व होण्यापूर्वी, ग्रंथ नसतानाच्या त्या दीर्घ काळातही, एक उपवास मात्र त्यांनी सोडला नव्हता. त्याचे त्यांनी ठेवलेले मराठी नाव 'दरफाळणीचा सण', म्हणजे दारे लावून घेण्याचा सण. त्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून घरातच राहायचे, कोणाशी संपर्क ठेवायचा नाही, बाहेरच्याशी बोलायचेही नाही, अशी रीत होती. दुसरा दिवस 'शिळा सण'. त्या दिवशी दानधर्म करायचा आणि आप्तेष्टांना भेटायचे. मला ही नावे फार गोड वाटतात. शास्त्र विसरले गेले आणि संज्ञा गेल्या, तरी धर्म घराच्या बोलीत जिवंत राहू शकतो, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

उपवास आपल्या दृष्टीने कडकच. एका सूर्यास्तापूर्वी सुरुवात करून दुसऱ्या दिवशी रात्र पडेपर्यंत, सुमारे पंचवीस तास, अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. स्नान नाही, अंगाला तेल नाही, चामड्याचे पायताण नाही, स्त्रीपुरुषांनी एकमेकांपासून दूर राहायचे. दिवसभर पाच वेळा प्रार्थना. तीत पापांचा उच्चार करायचा तो 'मी' म्हणून नव्हे, 'आम्ही' म्हणून. ज्याने चोरी केलेली नाही त्यानेही सर्वांबरोबर 'आम्ही चोरी केली' असे म्हणायचे. शेवटच्या प्रार्थनेचे नावच द्वार मिटण्यावरून पडलेले आहे. मग मेंढ्याचे शिंग फुंकतात आणि उपवास संपतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात देहाला व्यर्थ पीडा देणाऱ्या तपाचा निषेध आहे, तो येथे लागू पडेल काय, अशी शंका कोणी घेईल. त्यांच्या शास्त्राने आधीच तिचे निवारण केलेले आहे. जिवाला धोका असेल तर आजाऱ्याने त्या दिवशी खाल्लेच पाहिजे. आणि वैद्य नको म्हणत असता आजारी स्वतः 'मला अन्न हवे' म्हणाला, तर वैद्याचे न ऐकता आजाऱ्याचे ऐकावे, असा त्यांचा निर्णय आहे. आमच्याकडे निर्जळी एकादशीला तापाने फणफणलेल्या म्हाताऱ्यांना पाणी पाजताना केवढी हुज्जत घालावी लागते, हे मी पाहिले आहे. असो.

आता त्या आदल्या दिवसाची गोष्ट. आमच्या वाडीच्या आणि शेजारच्या काकांच्या वाडीच्या मध्ये निवडुंगाचे कुंपण होते आणि कुंपणावर एक माड. त्याचे नारळ कोणाचे यावरून माझ्या वडिलांचे आणि काकांचे कडाक्याचे भांडण झाले. चार माणसांत काकांनी वडिलांना खोटारडे म्हटले. बोलणे बंद झाले, येणेजाणे बंद झाले. पुढे नवरात्र आले. ते संपत आले असता एके दिवशी सकाळी काका आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. वडील झोपाळ्यावर होते. काका म्हणाले, "बापू, उद्या संध्याकाळपासून आमची दरफाळणी. कुंपणाच्या भांडणात मी तुम्हांला खोटारडे म्हणालो. ते माझे चुकले. मनातून काढून टाका."

वडील अगदी ओशाळले. अशा वेळी आपल्याकडे जे बोलतात तेच ते बोलले. "अहो, त्यात काय एवढे! उद्या देवापुढे बसणारच आहात, त्याच्या कानावर घाला. तो पाहून घेईल."

काका हलले नाहीत. म्हणाले, "देवाला सांगायचे ते उद्या सांगेन. हे त्याचे नव्हे बापू, हे तुमचे आहे. तुम्ही तोंडाने म्हणा."

वडिलांनी बराच वेळ घेतला. शेवटी "माझ्या मनात काही नाही" एवढे म्हणाले, आणि आईने आतून पाण्याचा तांब्या आणून ठेवला. माडाचा निकाल त्या दिवशी लागला नाही. नारळ कोणाचे हा वाद पुढेही चालूच राहिला. पण 'खोटारडे' हा शब्द दोन्ही घरांतून निघून गेला. काही वर्षांनी ते कुटुंब, त्या समाजातील बहुतेकांप्रमाणे, इस्रायलला गेले. स्वातंत्र्याच्या वेळी वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज आज भारतात काही हजारांवर आला आहे.

काकांचे ते बोलणे त्यांच्या पदरचे होते, असे मी कित्येक वर्षे समजत होतो. पुढे कळले की तो त्यांच्या धर्मशास्त्राचा सिद्धान्तच आहे. मिश्ना नावाच्या त्यांच्या प्राचीन संहितेत योम किप्पुराविषयी एक संपूर्ण प्रकरण आहे. तेथे पापांचे दोन वर्ग केलेले आहेत. मनुष्य आणि ईश्वर यांच्यामधील पापे त्या दिवसाने फिटतात. मनुष्य आणि मनुष्य यांच्यामधील पापे त्या दिवसाने फिटत नाहीत. ज्याचा अपराध केला त्याचे समाधान आधी करावे लागते. आणखी एक अट त्याच ठिकाणी आहे. 'पाप करीन आणि हा दिवस ते धुऊन टाकील' असा हिशेब मनात धरून जो पाप करतो, त्याच्यासाठी हा दिवस नाही.

त्या दिवशी मंदिरात योना प्रवक्त्याची कथा वाचतात. निनवे नगराच्या लोकांनी उपवास केला, गोणपाट नेसले, गुराढोरांनाही गोणपाट नेसविले, आणि देवाने नगराचा नाश टाळला. त्यांच्या आचार्यांनी या कथेतील एका बारकाव्यावर बोट ठेवले आहे. देवाने त्यांचे गोणपाट पाहिले आणि उपवास पाहिला असे कथेत म्हटलेले नाही. त्यांची कृती पाहिली, ते वाईट मार्गापासून मागे फिरले हे पाहिले, एवढेच म्हटले आहे. सकाळच्या वाचनात तर यशया प्रवक्ता उपवास करणाऱ्यांवरच आसूड ओढतो: उपवासाच्या दिवशीही तुम्ही आपला धंदा पाहता आणि मजुरांना राबविता, बांधलेल्याला सोडा, भुकेल्याला आपली भाकरी वाटून द्या. ज्या दिवशी सर्व समाज उपाशी बसलेला असतो, नेमके त्याच दिवशी 'नुसत्या उपाशी बसण्याने काही होत नाही' असे मोठ्याने वाचून दाखवायचे! असा धीटपणा आपल्या हरितालिकेच्या किंवा एकादशीच्या कहाणीत आढळेल काय?

येथे गीतेचा अभ्यासक एक गंभीर आक्षेप घेईल, आणि तो घेतलाच पाहिजे. अठराव्या अध्यायाच्या शेवटी भगवंतांनी सर्व पापांपासून सोडविण्याचे अभिवचन दिले आहे. सर्व म्हटल्यावर त्यात शेजाऱ्याचे पाप आले नाही काय? शरण गेलेल्याला पुन्हा कुंपणापलीकडे जाण्याचे कारण काय? यावर एक उत्तर आपल्याकडे तयार असते: ईश्वर सर्व भूतांच्या ठिकाणी आहे, तेव्हा शेजाऱ्याची क्षमा मागणे हे ईश्वराचीच क्षमा मागणे होय. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात कपिलमुनी हेच अधिक कठोर शब्दांत सांगतात: भूतमात्रात वसणाऱ्या ईश्वराची उपेक्षा करून जो मूर्तीची पूजा करतो, तो राखेत आहुती टाकतो. उत्तर खरे आहे. पण मला ते थोडे सोयीचेही वाटते. शेजारी हे ईश्वराचे केवळ देवघर नव्हे. त्याचे स्वतःचे नाव आहे, स्वतःचा माड आहे, चार माणसांत गेलेली स्वतःची अब्रू आहे. 'मी तुझ्यातील नारायणाची क्षमा मागतो' असे म्हणणारा मनुष्य पुष्कळ वेळा तुझी क्षमा मागण्याचे टाळीत असतो.

गीतेत क्षमायाचनेचा जो एकच मोठा प्रसंग आहे, तो पाहावा. अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहिल्यावर अर्जुन क्षमा मागतो ती मोघम नव्हे. नावाने हाक मारली, थट्टा केली, खेळताना, निजताना, बसताना, जेवताना, एकांतात आणि चारचौघांत अवमान केला, अशी प्रसंगांची यादीच तो देतो. आणि ज्याचा अपराध केला त्याच्या तोंडावर, तो समोर उभा असता, क्षमा मागतो. अर्जुनाचा अपराध ज्याच्याशी घडला तोच ईश्वर असल्यामुळे त्याचे काम एका ठिकाणी झाले. आपले दोन ठिकाणी होते. शरणागतीने सर्व पापे सुटतात हे मला मान्य आहे. पण शरण गेलेल्या माणसाचे पाय शेजाऱ्याच्या अंगणाकडे वळले नाहीत, तर तो शरण गेला होता हे कशावरून? नवव्या अध्यायात दुराचाऱ्यालाही साधू मानण्यास सांगितले आहे, पण तो लवकरच धर्मात्मा होतो हेही लगेच पुढे सांगितलेले आहे.

आपले धर्मशास्त्रही याविषयी मुके नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात प्रायश्चित्तप्रकरणी क्षुल्लक वस्तूंच्या चोरीसाठी सांतपन कृच्छ्र सांगितले आहे, पण ती वस्तू धन्याला परत करून मग. पापाचा उच्चार आणि पश्चात्ताप हे पाप सुटण्याच्या साधनांत तेथे तपाच्या जोडीला गणले आहेत. जैन बांधव संवत्सरीला एकमेकांची क्षमा मागतात. आपण संक्रांतीला तिळगूळ देतो खरा, पण ज्याच्याशी वितुष्ट आले आहे त्याचे घर वगळूनच बहुधा तो वाटला जातो.

ज्या वसाहतीत मी राहतो तिच्या नावात जानकी आहे, आणि हे नगर लक्ष्मणाचे अशी येथली परंपरा आहे. त्या दसऱ्याच्या संध्याकाळी रावण जळत असता मला उत्तरकांड आठवत होते. लक्ष्मणानेच जानकीला रथात बसवून गंगेपलीकडे नेऊन सोडले. पुढे श्रीरामांनी अश्वमेध केला, पत्नीच्या स्थानी तिची सुवर्णप्रतिमा ठेवली. अश्वमेधाने महापातकेही नष्ट होतात, असे शास्त्र आहे. यज्ञ सांग झाला. त्याच यज्ञाच्या वेळी प्रत्यक्ष जानकी सभेत आली, आणि धरणीला हाक मारून तिच्या पोटात गेली. प्रभूंच्या चरित्राची मीमांसा करण्याचा मला अधिकार नाही. राजधर्माचा तेथे विचार आहे हे मी जाणतो. परंतु सोन्याची प्रतिमा शेजारी बसवून यज्ञ पुरा होतो, आणि तरीही जिचे दुःख आहे तिचे ते उरते, एवढे तर ती कथा न बोलता सांगतेच. वाल्मीकींच्या नावावर असलेल्या त्या काव्याने ते लपविलेले नाही.

हे सर्व मी इतक्या तपशिलाने लिहितो याला कारण आहे, आणि ते सांगितल्यावाचून हा लेख अप्रामाणिक ठरेल. आमची आई वारली तेव्हा तिच्या सोन्याच्या पाटल्या सापडल्या नाहीत. तेराव्याला भावकीतल्या तिघाचौघांसमोर मी धाकट्या भावाला म्हणालो, "आईजवळ शेवटी तूच होतास." एवढेच. पण त्याचा अर्थ सर्वांना कळला. त्यानंतर आमचा संबंध तुटला. पुढे लखनौला येण्यासाठी आवराआवर करताना त्या पाटल्या माझ्याच जुन्या ट्रंकेत, आईच्या एका पातळाच्या घडीत मिळाल्या. मी भावाला कळविले नाही. मी काय केले? दर एकादशीला निर्जळ उपवास सुरू केला, आणि त्याच्या वाट्याच्या पाटलीची जी किंमत होईल तेवढ्या रकमेचे अन्नदान केले. पाप फिटले असे मला वाटले. नीट विचार केला असता ते अन्नदान मी त्याच्या पैशाने केले होते, आणि पुण्य मात्र माझ्या खाती मांडले होते. 'उपवास' म्हणजे जवळ राहणे, असे कीर्तनकार सांगतात. मी इतकी वर्षे त्या दिवशी कोणाजवळ राहत होतो, कोण जाणे.

यहुदी धर्मशास्त्राचे बाराव्या शतकातील थोर संग्राहक मैमोनिदीस यांनी याही पुढच्या प्रसंगाचा विचार केला आहे. ज्याची क्षमा मागावयाची तो क्षमा करीत नसेल तर काय करावे? त्याच्या तीन स्नेह्यांना बरोबर घेऊन जावे. नाही म्हटले तर दुसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदा जावे. त्यानंतरही तो मानला नाही, तर त्याला सोडून द्यावे. मग दोष त्याच्याकडे राहतो. आणि तो मरण पावला असेल, तर दहा माणसांना घेऊन त्याच्या थडग्याशी जावे, सर्वांसमक्ष अपराध बोलून दाखवावा, आणि त्याचे काही देणे असेल तर ते वारसांना द्यावे. एकांतात केलेला पश्चात्ताप तेथे पुरेसा धरलेला नाही. चारचौघांत गेलेली अब्रू चारचौघांतच परत करावी लागते, हे माझ्या ध्यानात तो नियम वाचल्यावर आले.

त्या दसऱ्यानंतर मी दोनदा गावी जाऊन आलो. दोन्ही वेळा भावाने मला चहा दिला, प्रकृती विचारली. पाटली पुढे केली तेव्हा तिच्याकडे पाहिले नाही. म्हणाला, "आता कशाला ते, दादा? ठेव तुझ्याकडे. देव पाहून घेईल." अगदी वडिलांच्या त्या दिवसाच्या आवाजात. आणि काकांप्रमाणे अंगणात उभे राहण्याचे बळ मला दोन्ही वेळा झाले नाही. "बरे" म्हणून मी उठलो.

तिसऱ्या खेपेसाठी पुष्पक एक्सप्रेसचे तिकीट काढले आहे. तेराव्याला जे तिघेचौघे बसले होते त्यांपैकी दोघे अजून हयात आहेत. त्यांना पत्रे घातली आहेत.